बोलता आलं पाहिजे

नववीच्या वर्गाला मी फळ्यावर दोन रकाने आखून देते.
डावीकडे एरोबिक: चालणं, पोहणं, सायकल.
उजवीकडे ॲनएरोबिक: शंभर मीटर, वजन उचलणं, उंच उडी.
मुलं उतरवून घेतात. प्रज्योत नेहमीसारखा विचारतो,
"मॅडम, फुटबॉल कुठल्या रकान्यात?"
मी म्हणते, फुटबॉल दोन्हीकडे सांडतो.
तेवढ्यात घंटा होते.

लिहून देत नाही ते असं:

आमच्या मांद्र्यात पहाटे इनास पोदेर यायचा सायकलवरून,
मागे पाटीत ऊन ऊन उंडे, वर निळं प्लास्टिक,
आणि चढ असो, उतार असो, तोंड चालूच.
कुणाची म्हैस व्याली, कुणाचा झिल बोटीवर लागला,
आश्व्यापासून आमच्या फाटकापर्यंत
एका श्वासाला एक बातमी,
दोन बातम्यांच्या मध्ये भोंगा, पों पों.
त्याचे पाय आणि फुफ्फुसं एकमेकांशी रोखीत वागायची.
जेवढी हवा आत, तेवढाच रस्ता मागे.
असा माणूस दुपारपर्यंत थकत नाही.

माझा बाप पाडेली.
पायांत काथ्याचा वेढा, पाठीशी कोयता.
माडाला एकदा हात लावून तो कपाळाशी न्यायचा
आणि मग वर.
तीसेक सेकंद. हे आत्ता सांगते,
तेव्हा घड्याळ नव्हतं, मी खाचा मोजायचे.
तेवढ्या वेळात तो बोलायचा नाही.
मी खालून ओरडायचे:
बाबा, दर्या दिसता?
बाबा, किती नारळ?
बाबा, रागावलास?
वरून फक्त सालीवर घासणारे तळवे.

रागीटच आहे, मला वाटायचं.
आता ठाऊक आहे, त्या तीस सेकंदांत
मांडीचे स्नायू हवेची वाट बघत बसत नाहीत,
साखर अर्धीकच्ची जाळतात, उधारीवर,
आणि बोलायला लागते तेवढीही हवा
घरात शिल्लक नसते.
झावळांत पोचला की तो एक हात देठाला अडकवून
उधारी फेडायचा. छाती लोहाराच्या भात्यासारखी.
मग नारळ. धप्प. धप्प.
तोवर माझा प्रश्न मीच विसरलेली असायची,
आणि तो पुढच्या माडाखाली.
दिवसाला चाळीस माड.

यंदा म्हापशाच्या डॉक्टरांनी स्टेंट बसवला, माड बंद केला.
कागदावर लिहिलं, रोज अर्धा तास चाला.
वेग कसा ओळखायचा?
तर चालता चालता बोलता आलं पाहिजे.
गाणं म्हणता आलं तर कमी पडतंय,
वाक्य मध्येच तुटलं तर जास्त होतंय.
हीच परीक्षा मी मुलांना शिकवते.
आमच्या घरात आजवर कुणी दिली नव्हती.

तर आम्ही दोघं, जुनसवाड्याच्या रस्त्याने.
भाड्याच्या स्कूटरी सुसाट.
गळ्यात माझं स्टॉपवॉच, सवयीने.
पहिले आठ दिवस तो गप्प.
दम लागत नव्हता, मनगट धरून मी नाडी बघितली,
शंभरच्या आत.
पाय चालू असताना तोंड उघडायची
नुसती सवयच नव्हती.
मीच बोलत राहिले इनाससारखी:
शाळेचं मैदान, हेडमास्तर, भावाचा व्हिसा.
भोंगा तेवढा नव्हता.

नवव्या दिवशी वळणावरच्या माडांकडे मान वर न करता,
चालतच तो म्हणाला,
"दर्या विचारायचीस ना तू?"
कधी, मी म्हटलं.
"दिसायचा. पण दर्या कोण बघतो गो.
नारळ पाडायच्या आधी बघायचं असतं
खाली पोर उभं आहे का.
तुझा तो पिवळा फ्रॉक.
बरा दिसायचा वरून."

सपाट रस्ता होता, चाल सावकाश.
तरी मला पुढलं वाक्य काढायला
विजेच्या तीन खांबांइतकं अंतर लागलं.
तोवर तो इनासच्या मुलाकडे वळला होता,
उंडे महाग झालेत, वर लहानही झालेत,
हे त्याला सुनवायला,
एका दमात.